रेहाना, घरचा प्रश्न कुणी विचारला?

रेहाना,

शोकसभेत मला बोलायला लावलं. मुख्याध्यापक सरांनी तुझ्या फोटोला हार घातला, पोरांना उभं करून शांतता पाळायला लावली आणि म्हणाले, "आता रेहानाबाईंच्या जिवलग मैत्रीण, आपल्या गणिताच्या सुनंदाबाई दोन शब्द बोलतील." मी उठून पुढं गेले आणि म्हणाले, रेहानाबाई रोज वेळेवर शाळेत यायच्या. एवढं बोलून जागेवर येऊन बसले.

धडधडीत खोटं. हुपरीची गाडी स्टँडवरून हलायला लागली की तू मागून पळत यायचीस. एका हातात डबा, दुसऱ्या हातानं पदर सावरत. कंडक्टर दार धरून उभा, आणि आत येऊन माझ्या शेजारी आदळलीस की म्हणायचीस, "गाडी लवकर सोडाय लागल्यात हल्ली." इतकी वर्षं आपण एका बाकावर बसून कोल्हापूर ते हुपरी केलं आणि मला तुझ्याबद्दल सांगायला तेवढंच एक वाक्य सुचलं. पोरं माझ्याकडं बघत होती. त्यांनाही ठाऊक होतं की बाई खोटं बोलताहेत, पण शोकसभेत कोण काय बोलणार?

सगळे म्हणतात सुनंदाबाई धीराच्या. धीर वगैरे काही नाही. मला काही होतच नाहीये. रविवारी सकाळी इकबालभाईंचा फोन आला. तुझ्या बडबडीपुढं जन्मात ज्याला तोंड उघडता आलं नाही त्या तुझ्या नवऱ्यानं एका वाक्यात सांगितलं, "बाई, रेहाना रात्री झोपेतच गेली." मी म्हणाले, "बरं." खरंच 'बरं' म्हणाले. मग कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यापाशी थांबले, गॅस बंद केला आणि रिक्षा शोधायला निघाले. तुझ्या घरी आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. तुझ्या अम्मीनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. तुला नेलं तेव्हा आम्ही बायका दारापर्यंतच आलो, पुढं कबरस्तानात आपण जायचं नसतं. माणसं गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि मी माझी चप्पल शोधायला लागले. दातवाल्या डॉक्टरनं भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग होतं. ती भूल अजून उतरलेली नाही.

सोमवारी शाळेत जाऊन सातवीला शेकडेवारी शिकवली. फळ्यावर एक चूक झाली नाही.

तर हे लिहिते आहे ते रडायला येत नाही म्हणून नव्हे. आपलं भांडण अर्धं राहिलंय म्हणून. आणि त्या भांडणात तू गेल्यानंतर एक नवी गोष्ट निघाली आहे, ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

भांडण तसं जुनंच. पोराला वाचता येणं कुठं ठरतं, शाळेत की घरात? मी म्हणायचे घरात. आपल्या शाळेत बघ की. बँकेतल्या शिपायाची पोरगी पाचवीत पेपर वाचते, आणि ज्यांच्या घरी पैंजणाचं काम चालतं त्या घरची पोरं सहावीत गेली तरी बोट ठेवून एकेक अक्षर चाचपतात. मास्तर तेच, पुस्तक तेच, खिचडीही तीच. मग फरक कुठला? घराचा. स्टाफरूममध्ये सगळ्यांचंच हे मत होतं, माझं जरा मोठ्या आवाजात होतं एवढंच. तू डब्यातलं कालवण मला वाढत ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "घर घर काय लावलंयस? घर म्हंजे कोण? भिंती व्हय?"

मला घराचा अनुभव होता. आमच्याकडं म्हशी. दूध डेअरीला घालायला भाऊ जायचा, आणि मी पुस्तक घेऊन बसले की आई खूश असायची. पोरगी पुस्तकात आहे म्हणजे घरात आहे, एवढाच तिचा हिशोब. भाऊ कधी पुस्तक घेऊन बसला तर वडील म्हणायचे, "काय रं, बायकासारखं कोपऱ्यात बसलायस?" तो उठून बाहेर पळायचा. मला वाचता आलं, त्याला आजही सातबारा वाचून दाखवावा लागतो. अक्कल त्याला माझ्यापेक्षा जास्त. घरानं आमच्या दोघांची वाटणी केली ती अशी, आणि ती करताना कुणी काही ठरवलंसुद्धा नव्हतं.

तू हे ऐकलंस की तुझं पुराण काढायचीस. तुमच्या गल्लीत वाचता येणारी तू एकटी. लग्नाची पत्रिका आली, लाइटचं बिल आलं, दवाखान्याची चिठ्ठी आली की तुला हाक. चाचीच्या ओट्यावर बसून तू वाचायचीस आणि गल्लीभरच्या बायका भाजी निवडत ऐकायच्या. "माझ्या घरात एक पुस्तक नव्हतं," तू म्हणायचीस, "पण ऐकणारी लई होती. ऐकणारं कुणी असलं की माणूस वाचतंय गं सुनंदा. भिंतीला कोण वाचून दाखवतंय?"

त्यातूनच तुझा तो घरचा प्रश्न निघाला. इतर बाई-गुरुजी मराठीचा धडा पाच वेळा लिहून आणायला सांगतात. तू सांगितलंस, घरी जाऊन धडा मोठ्यानं वाचायचा, काम करणाऱ्या माणसांना ऐकवायचा, आणि ऐकणाऱ्यानं एक प्रश्न विचारायचा. तो प्रश्न उद्या वर्गात आणायचा. लिहून नाही, तोंडी. उत्तर नाही आणलं तरी चालेल, प्रश्न पाहिजे. मी हसले होते. म्हणाले, ह्या बायकांना चिमटा खाली ठेवायला सवड नाही, त्या तुझे धडे कशाला ऐकतील? तू म्हणालीस, "हात गुतल्यात त्यांचं, कान मोकळंच हायत की."

आणि तुझं खरं ठरलं, हे मी तेव्हाच कबूल केलं होतं. हुपरीत घराघरांत संध्याकाळी बायका जमिनीवर गोल करून बसतात, मधे घुंगरांचा ढीग. चिमट्यानं कडी उघडायची, घुंगरू अडकवायचं, कडी दाबायची, पुढची घ्यायची. टीव्ही लावला तर नजर जाते आणि हात चुकतो. वाचून दाखवणारं पोर मात्र त्यांना चाललं. चालायलाच काय, आवडायला लागलं. सकाळी शाळेत पोरं प्रश्न घेऊन यायची. धड्यातल्या विहिरीला पाणी लागलंच नसतं तर त्या माणसानं काय केलं असतं? धड्यातल्या आजोबांना सून नव्हती का, सगळं स्वतःच का करत होते? तू ते प्रश्न बसमध्ये मला सांगायचीस आणि पट्टणकोडोली येईपर्यंत हसायचीस.

त्यातला तुझा सगळ्यात लाडका प्रश्न सहावीतल्या सोहमचा. राजा वेश बदलून रात्री गावात हिंडतो आणि लोकांची सुखदुःखं ऐकतो, असा तो धडा. सोहमनं घरून प्रश्न आणला, "राजा वेश बदलून हिंडत हुता तवा राणीला ठावं हुतं का?" तू त्या दिवशी हवेत होतीस. स्टाफरूममध्ये सांगितलंस, शिपाईमामांना सांगितलंस, कंडक्टरलासुद्धा सांगितलंस. "सहावीतलं पोरगं हाय आन् राणीचा विचार करतंय बघ! कुठल्या धड्यात राणीला कुणी विचारलंय आजवर?" सोहमला तू वर्गाचा वाचक केलंस. तपासणीला साहेब आले तेव्हा त्यालाच उभं केलंस. साहेबांनी त्याच्या वाचनाचं कौतुक केलं आणि जाता जाता तुला टोकलं, की बाईमाणसानं वर्गात 'मी जातो, मी येतो' असं म्हणू नये, पोरांवर परिणाम होतो. कोल्हापुरातल्या निम्म्या बायका तसंच बोलतात. तू म्हणालीस, "पोरांना कळतंय की साहेब, तुमालाच कळंना झालंय." मला वाटलं आता गेली नोकरी. साहेब हसले, म्हणून वाचलीस.

आता त्या शुक्रवारचं.

शाब्दिक उदाहरणं हा माझा प्रांत. गणित येत असूनही पोरं तिथं आपटतात, कारण उदाहरण आधी वाचावं लागतं. तुझा घरचा प्रश्न सुरू झाल्यापासून पोरं उदाहरणं वाचायला लागली होती, मीही मनातून तुला दुवा देत होते. पण त्या आठवड्यात मी एक बघितलं. पैंजणाच्या घरांतली पोरं वाचत होती. मुलगे. त्याच घरांतल्या पोरी पूर्वीइतक्याच अडत होत्या, काही तर पूर्वीपेक्षा जास्त. आधी उलट असायचं. पोरी बऱ्या, मुलगे मागं. मला राहवलं नाही. सातवीतल्या सानिकाला मी विचारलं, तुमच्या घरी धडा कोण वाचतं? सानिका म्हणजे सोहमची थोरली बहीण. ती म्हणाली, "सोहम वाचतोय की बाई. त्येचाबी वाचतोय आन् माझाबी त्योच वाचतोय."

"आणि तू?"

"मी घुंगरं जोडतो. आमी समद्या जोडतोय."

मी पुढं आणखी दोघी-तिघींना विचारलं. तेच. तू घरांना वाचन ऐकायची गोडी लावलीस आणि घरांनी नेहमीप्रमाणे वाटणी करून टाकली. पोरगं मोकळं असतं, त्यानं वाचावं. पोरीचे हात कामाचे, तिनं ऐकावं. आणि पोरी वर्गात प्रश्न आणत होत्या, त्यामुळं तुला त्या वाचताहेत असंच वाटत राहिलं. तू प्रश्नाकडं बघत होतीस. वाचलं कुणी, हे तू कधी विचारलंच नाहीस. अशी चूक माझ्यासारख्या हिशोबी बाईकडून झाली नसती, तुझ्याकडूनच होणार, कारण गोष्ट चांगली असली की तुझा तिच्यावर लगेच विश्वास बसतो.

बसमध्ये मी तुला हे सगळं सांगितलं. सांगताना मला आनंद होत होता, रेहाना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी बाजू पुराव्यासकट होती. मी म्हणाले, "तुझ्या घरच्या प्रश्नानं पोरींचं वाचन खाल्लं. बंद कर तो." तू म्हणालीस, "खोटं." मी एकेकीचं नाव घेतलं. तू खिडकीबाहेर बघायला लागलीस. त्या गाडीत तू गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. कंडक्टरनंसुद्धा विचारलं, "बाई, बरं वाटंना व्हय?" सानिकाचं मी मुद्दाम शेवटी सांगितलं. घरी ठरतंय की सातवी झाली की तिला बसवायचं. आठवीला घालून उपयोग काय, पोरीला वाचायलाच येत न्हाय, असं तिची आई पालकसभेत माझ्याजवळ बोलली होती. वाचायला येत नाही, कारण वाचू दिलं नाही. आणि वाचायला येत नाही म्हणून आता शाळाच बंद.

स्टँडवर उतरल्यावर तू थांबलीस. म्हणालीस, "सोमवारी तिच्या घरी जातो मी. तूबी चल." मी म्हणाले, बघू. तू पुढं काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, तेवढ्यात तुझी सिटी बस आली आणि तू तिच्यामागं पळालीस.

शनिवारी तू रजेवर होतीस. मलकापूरला तुमच्या भाचीचं लग्न. रविवारी सकाळी फोन.

त्या शनिवारचं मला फार वाटत राहिलं. माझं बोलणं मनात घेऊन तू दिवसभर कुढलीस की काय? तिसऱ्या दिवशी, तुझ्या जियारतीला, मी धीर करून इकबालभाईंना विचारलं, लग्नात कशी होती? ते म्हणाले, "दोनदा बिर्याणी घेतली. वरातीत नाचली. येताना गाडीत गाणी म्हणत होती." मग म्हणाले, "तुमचं नाव निघालं होतं. म्हणाली, सुनंदा बराबर बोलती, पण तिला सांगायचं न्हाय, डोक्यावर बसंल." मी हसले. तुझ्या घरात, अम्मीच्या शेजारी बसून, जियारतीला, मोठ्यानं हसले. बायका बघायला लागल्या. माझं बरोबर होतं हे तू मान्य केलंस, आणि मला त्याचा एवढासाही आनंद झाला नाही. मी जिंकले हे तू समोर बसून बघायला हवं होतंस. तू चिडून डब्याचं झाकण आपटायला हवं होतंस.

सोमवारी मी एकटीच सानिकाच्या घरी गेले. तू गेल्यानंतरचा दुसरा सोमवार म्हणते आहे, पहिल्या सोमवारी मी शेकडेवारीच शिकवत होते.

बायका बसल्याच होत्या. सानिकाची आई, काकी, आज्जी आणि सानिका. वडील शिरोली एमआयडीसीत भट्टीवर, दुसऱ्या पाळीला. सोहम भिंतीला टेकून पुस्तक घेऊन. मला बघून आईनं चिमटा ठेवला, डोळ्याला पदर लावला. "लई वंगाळ झालं बाई. परवा तर आमच्या दारावरनं हाक मारून गेल्त्या." आज्जी म्हणाली, "माणूस चांगलं असलं की टिकत न्हाय." चहा आला. मी तो प्याले. मग म्हणाले, "आज सानिकाला वाचू दे."

आई हसली, वाईट नव्हती हसली. "तिला कुठलं येतंय बाई? तिचं डोस्कंच न्हाय त्यातलं. हात मातर सोन्याचा हाय पोरीचा. सोहम वाचतोय की."

सानिका मान खाली घालून कड्या दाबत होती. तिला स्वतःलाही ते पटलेलं होतं, रेहाना. तिच्या तोंडावर राग नाही, काही नाही. माझं डोकं त्यातलं नाही, हे तिनं आपलं नाव सांगावं तसं मान्य केलेलं. मला तुझ्यासारखं समजावता येत नाही. मी उठले, सानिकाच्या शेजारी जमिनीवर बसले, तिच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि म्हणाले, "तुझं काम मी करते. तू पुस्तक घे." पहिली कडी दाबताना घुंगरू उडून काकीच्या मांडीवर पडलं. काकीनं तोंड फिरवलं, हसू लपवायला.

सोहमनं पुस्तक द्यायला खळखळ केली. "बाई, ती लई हळू वाचती." तरी दिलं. सानिकानं पुस्तक हातात धरलं आणि कुठला धडा विचारलं. मी म्हणाले, तुला आवडलेला. तिनं पानं उलटून राजाचा धडा काढला.

मी म्हणाले, "हा तर सोहमचा. ह्याच धड्यावर त्यानं राणीचा प्रश्न आणला होता ना?"

काकीनं आज्जीकडं बघितलं. मग आज्जी म्हणाली, "त्यो हिनं इचारल्याला बाई. सोहम्या वाचत हुता, ही जोडत हुती. मधीच म्हणाली, राणीला ठावं हुतं का? मी म्हणलं, गप काम कर."

सोहमनं खाली बघितलं. मी विचारलं, आणि त्यानं आणलेले बाकीचे? विहिरीचा? आजोबांच्या सुनेचा? सानिका म्हणाली, "आज्जीचा हाय की सुनंचा. हिरीचा माझा." सगळे प्रश्न त्या घुंगरांच्या गोलातून आलेले होते. ज्यांना वाचायला येत नाही असं घर म्हणत होतं, शाळा म्हणत होती, मी म्हणत होते, त्यांनी वर्षभर तुझ्या वर्गाला प्रश्न पुरवले. सोहम ते उचलून आणत होता आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याची पाठ थोपटली. राणीचा विचार एका पोरानं केला ह्याचं तुला केवढं नवल वाटलं होतं! तो पोरीनंच केलेला होता. तुला वाटलं तसं नवल त्यात काही नव्हतं, आणि तरी तू हवेतच गेली असतीस, कदाचित जास्तच.

म्हणजे तू पूर्ण चुकली नव्हतीस. हे सांगायचं होतं तुला. पोरींचं वाचन थांबलं, पण त्या ऐकत होत्या, त्यांना सगळं कळत होतं, कळण्याच्या पुढचंही कळत होतं. मला नुसत्या अडखळणाऱ्या पोरी दिसल्या आणि तुला नुसते प्रश्न दिसले. आता तू असतीस तर ह्यावर आपण अख्खी गाडी डोक्यावर घेतली असती. घरानं बिघडवलं की घरानं शिकवलं? दोन्ही, असं मी म्हटलं तर तू म्हणशील, सुनंदा, दोन्हीकडनं बोलू नगंस.

शाळेत तुझा मराठीचा तास आता मीच घेते. घरचा प्रश्न बंद कर म्हणाले होते ना मी? केलेला नाही. पोरगा प्रश्न घेऊन उभा राहिला की एवढंच विचारते, वाचलं कुणी आणि विचारलं कुणी? पहिल्या दिवशी पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मग एकेकाच्या तोंडातून नावं यायला लागली. ताईनं. आईनं. वैनीनं. कुणाच्या तरी शेजारच्या काकूनं. सोहमनं सगळ्यात शेवटी, सगळ्यात हळू आवाजात सांगितलं. मी त्याला रागावले नाही. घरानं त्याला जे दिलं ते त्यानं घेतलं, माझ्या भावानं नाही घेतलं का?

सानिकाच्या आईशी माझं एवढंच ठरलंय, की सोमवारी मी येणार, सानिका वाचणार आणि तिच्या वाटणीच्या कड्या सोहम जोडणार. सोहम पहिल्यांदा म्हणाला, "पोरींचं काम हाय ते." आज्जीनं त्याच्यापुढं चिमटा टाकला. "तुझा बा तिकडं भट्टीवर हात भाजून घेतोय, ते कुणाचं काम हाय? जोड गप." आठवीचं मात्र आई बोलायला तयार नाही. "मे महिन्यात बघू बाई. वाचाय आलं तर धाडतो. न्हाय आलं तर उगं कशाला?" ती वाईट बाई नाही. जे येत नाही त्यासाठी पोरीनं लांबच्या शाळेत जाऊन मान खाली घालून बसावं, हे तिला नको आहे. तिला स्वतःला कुणी असंच तिसरीतून काढलं होतं, ती हसत सांगते.

म्हणजे मे महिन्यापर्यंत मला सानिकाला वाचायला शिकवायचं आहे, आणि मला ते येत नाही. मला गुणाकार शिकवता येतो. पोर अडलं की मी तिथल्या तिथं उत्तर सांगून मोकळी होते, पुढं सरकायचं असतं. तू काय करायचीस? मी तुझ्या वर्गावरून कितीदा गेले, पण नीट बघितलं नाही. विचारायचं राहून गेलं. आपण इतकं भांडलो, आणि 'तू हे कसं करतेस' एवढं मी तुला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तुझं डोकं चढलं असतं, म्हणून.

काल सोमवार होता. सानिका वाचत होती आणि एका जोडाक्षराशी अडकली. सोहम तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. शब्द माझ्याही ओठांवर आला होता. मी तो गिळला. सानिका माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं बघत राहिले. काकीचे हात थांबले, मग आईचे. आज्जीनं हातातलं पैंजण खाली ठेवलं. खोलीतली सगळी माणसं एका पोरीच्या तोंडाकडं बघत गप्प बसली होती आणि कुणालाही घाई नव्हती. सानिकानं परत पुस्तकात बघितलं, ओठ हलवले, अर्धा शब्द म्हणाली, थांबली, आणि मग अख्खा म्हणाली. बरोबर म्हणाली. तिच्या आईच्या तोंडून "व्हय की गं!" असं निघून गेलं.

आणि मी हसत शेजारी वळले, तुला कोपर मारायला. शेजारी कुणी नव्हतं.

इतके दिवस तू गेलीस हे मला माहीत होतं. काल त्या घरात, सगळ्यांच्या समोर, चिमटा हातात धरून मी रडले. सानिका वाचायची थांबली. मी तिला हातानंच खूण केली, वाच, पुढं वाच.